नंबर शून्य, तरी मान वर केली की धूसर

डोळ्यांचा नंबर निघाला नाही म्हणजे डोळे ठणठणीत, असं आपण सगळेच धरून चालतो आणि बऱ्याचदा ते खरंही असतं. पण वीस ते तीस वयातली जी मंडळी दिवसभर फोनमध्ये असतात, म्हणजे जवळपास सगळीच, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांची एक तक्रार असते जी त्या नंबरात सापडतच नाही. फोनमधून मान वर केली की लांबची पाटी किंवा समोरून येणारा माणूस क्षणभर धूसर दिसतो, मग हळूहळू साफ होतो. संध्याकाळपर्यंत कपाळ जड होतं, वाचताना ओळ सुटते, तोच पॅराग्राफ दोनदा वाचावा लागतो. आणि तपासायला गेलं की उत्तर मिळतं, "नंबर काही नाहीये, फोन कमी करा."

फोन कमी करा हे बरोबरच आहे हो, पण का ते कोणी सांगत नाही. त्यामुळे मग जो तो आपापली थिअरी लावतो. कोणाला वाटतं स्क्रीनमधून काहीतरी किरण येतात, कोणाला वाटतं डोळे कमकुवत झाले, कोणी गाजरं खायला सुरुवात करतं.

माझी धाकटी बहीण कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि तिचं गेले काही महिने हेच रडगाणं चालू होतं. एका दुकानात मशीनवर हनुवटी टेकवून तपासलं तर मायनस अर्धा आला, दुसरीकडे मायनस पाऊण, तिसरीकडे म्हणाले काही नाही. तिघांची मशीनं बिघडलेली असतील असं काही नाही. शेवटी एका ऑप्टोमेट्रिस्ट (नजर तपासणाऱ्या तज्ज्ञ) बाईंकडे गेलो, त्यांनी नंबर सोडून भलत्याच गोष्टी तपासल्या आणि तिथे मला पहिल्यांदा कळलं की डोळ्याची फोकस करायची क्षमता ही नंबरापेक्षा वेगळी मोजायची गोष्ट आहे. तेव्हापासून मी या विषयाच्या मागेच लागलेय, म्हणून ही लांबलचक पोस्ट.

आधी आत काय चालतं ते बघू, कारण ते कळल्याशिवाय पुढचं सगळं नुसतं "डोळ्यांना आराम द्या" टाइप वाटतं.

डोळ्यात येणारा प्रकाश मुख्यतः वळवतो तो पुढचा पारदर्शक पडदा, कॉर्निया. डोळ्याची एकूण ताकद साधारण ६० डायॉप्टर (भिंगाची ताकद मोजायचं एकक, चष्म्याचा नंबरही यातच असतो) धरली तर त्यातले ४३ च्या आसपास एकट्या कॉर्नियाचे असतात. पण कॉर्निया आपला आकार बदलत नाही. आकार बदलतं ते आतलं भिंग. त्या भिंगाच्या भोवती एक गोल स्नायू असतो, सिलियरी मसल, आणि भिंग त्याला बारीक बारीक तंतूंनी बांधलेलं असतं. आता गंमत बघा, लांबचं बघताना हा स्नायू सैल असतो, सैल असला की त्याचं कडं मोठं होतं, तंतू ताणले जातात आणि भिंग चपटं राहतं. जवळचं बघायचं झालं की स्नायू आवळतो, कडं लहान होतं, तंतू सैल पडतात आणि भिंग आपल्या मूळच्या लवचिकपणामुळे फुगतं. म्हणजे स्नायू आवळला की तंतू सुटतात. हे उलटं वाटतं आणि मला दोनदा चित्र काढून बघावं लागलं.

हा उलटा हिशोब नीट मांडला हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने, १८५५ मध्ये. त्याच्याही आधी, १८०१ साली, थॉमस यंग नावाच्या इंग्रज डॉक्टरने हे शोधलं होतं की फोकस बदलण्याचं काम कॉर्नियाचं नाही. कसं, तर स्वतःचा डोळा पाण्यात ठेवून. पाण्यात कॉर्नियाची ताकद जवळपास निघून जाते, तरी डोळा फोकस बदलू शकतो, म्हणजे बदल आत भिंगातच होत असणार. त्या काळचे लोक स्वतःच्या शरीरावर काय काय करून बघायचे हे वाचलं की अंगावर काटा येतो.

लांबून जवळ यायला डोळ्याला किती वेळ लागतो? तरुण डोळा साधारण एक तृतीयांश सेकंदानंतर हलायला लागतो आणि सेकंदभरात काम पूर्ण करतो. आपल्याला जाणवतही नाही. आणि हे काम एकटं होत नाही, त्याच वेळी दोन्ही डोळे नाकाकडे वळतात आणि बाहुल्या बारीक होतात. तीन कामं एका आज्ञेवर. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता थोडं गणित, पण सोपं आहे. एखादी वस्तू जितके मीटर लांब, त्याने एकाला भागलं की डोळ्याला किती डायॉप्टर जोर लावायचाय ते मिळतं. एक मीटरवर १ डायॉप्टर, ५० सेंटीमीटरवर २, ३३ वर ३, २५ वर ४, २० वर ५. म्हणजे वस्तू जवळ येत जाताना मागणी एकसारखी वाढत नाही, शेवटच्या काही सेंटीमीटरमध्ये ती उडी मारते. ४० वरून ३० वर फोन आणला तर पाऊण-एक डायॉप्टर वाढतो, पण ३० वरून २० वर आणला तर जवळजवळ पावणेदोन. दोन्ही वेळा हात हलला दहाच सेंटीमीटर.

आणि डोळ्याकडे एकूण किती आहे? त्याचा एक जुना ठोकताळा आहे, हॉफस्टेटरचा, डॉक्टर मंडळी अजून वापरतात. सरासरी काढायची तर १८.५ मधून वयाच्या ०.३ पट वजा करायचे. कमीत कमी किती असायला हवं ते बघायचं तर १५ मधून वयाच्या पाव पट वजा. म्हणजे २० वर्षांच्या माणसाची सरासरी १२.५ डायॉप्टर आणि किमान १०. २८ व्या वर्षी सरासरी १० च्या थोडं वर, किमान ८. लहानपणापासून हा आकडा उतरतच असतो, आपल्याला त्याची जाणीव मात्र चाळिशीच्या पुढे होते.

आता कोणीही म्हणेल की माझ्याकडे १२ आहेत आणि फोनला लागतात ३, मग अडचण कुठे आहे? हाच खरा प्रश्न आहे आणि इथेच बहुतेक लेख घसरतात.

पहिली गोष्ट म्हणजे १२ हा आकडा क्षणभर जोर लावून मिळतो. तासन् तास आरामात वापरायला साधारण त्याच्या निम्मेच धरायचे, असा डॉक्टरांचा अंदाज असतो. म्हणजे २८ वर्षांचा, किमान रेषेवरचा माणूस, त्याच्याकडे ८, आरामाचे ४, म्हणजे २५ सेंटीमीटर. त्याच्या आत फोन आणला की तो रोज उसनवारीवर चाललाय. आणि अंथरुणात लोळत फोन बघताना तो किती लांब असतो हे एकदा पट्टी लावून बघा. मी बघितलं, आणि आकडा लिहायची लाज वाटतेय.

२०११ मध्ये लोक फोन किती लांब धरतात ते मोजलं गेलं होतं. मेसेज वाचताना सरासरी ३६ सेंटीमीटर आणि वेबपेज वाचताना ३२. छापील पुस्तकासाठी साधारण ४० धरले जातात. म्हणजे तेव्हाच्या फोनवरही, नीट बसून, लोक पुस्तकापेक्षा जवळ धरत होते, कारण अक्षर बारीक. आता स्क्रीन मोठे झाले पण अक्षर आपण वाढवत नाही, जास्त ओळी दिसाव्यात म्हणून उलट बारीकच ठेवतो. फॉन्ट मोठा करणं हे म्हातारपणाचं लक्षण समजतात काही लोक, त्यांना काय सांगणार.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आणि ती ताकदीबद्दल नाहीच. तरुण डोळ्यात ताकद भरपूर असते, त्यामुळे तो कुरकुर न करता जवळच्या अंतरावर जाऊन बसतो आणि तिथेच राहतो. त्रास होतो सोडताना. मूठ बराच वेळ घट्ट आवळून धरली आणि मग बोटं उघडायला गेलो की ती लगेच सरळ होत नाहीत ना, तसं काहीसं. जवळचं काम खूप वेळ केलं की लांब बघताना डोळा थोडा वेळ जवळच अडकून राहतो, म्हणजे तात्पुरता मायनस नंबर तयार होतो. थोडासाच असतो, पाव-अर्धा डायॉप्टर, आणि काही सेकंदांत, कधी थोडं जास्त लागून उतरतो. ज्यांना आधीच मायनस नंबर आहे त्यांच्यात तो उतरायला जास्त वेळ लागतो असं दिसलंय. मान वर केल्यावरचं ते धूसर दिसणं बऱ्याचदा हेच असतं.

लॅपटॉपवर आणि पुस्तकावर पण हे होतंच की, मग फोनलाच का नावं ठेवायची? मला वाटतं फोनचा दोष प्रकाशात नसून त्याच्या सवयीत आहे. लॅपटॉप ५०-६० सेंटीमीटरवर असतो, मागणी २ किंवा त्याहून कमी. पुस्तकात पान उलटतो, कंटाळतो, खाली ठेवतो. फोन मात्र हातात असतो, हात कोपरातून वाकलेला, आणि सगळ्यात वाईट म्हणजे ब्रेकमध्ये पण आपण फोनच बघतो. अभ्यास करून थकले, ब्रेक घेतला, ब्रेकमध्ये रील्स. डोळ्याच्या स्नायूला कळतच नाही की ब्रेक झाला, उलट ६० वरून २५ वर आणून ठेवलं त्याला. बसमध्ये खिडकीबाहेर बघायचो, लाइनमध्ये उभं राहून इकडेतिकडे बघायचो, कोणाची तरी वाट बघताना रस्त्याच्या टोकाकडे नजर असायची, हे सगळे डोळ्यांचे फुकटचे सुटकेचे क्षण होते आणि ते एकेक करून फोनने खाल्ले.

रात्रीचा प्रकार तर वेगळाच. लाइट बंद करून फोन बघितला की आजूबाजूच्या अंधारामुळे बाहुली उजेडातल्यापेक्षा मोठी राहते. मोठ्या बाहुलीत फोकसची चूक खपत नाही, कॅमेऱ्यात जसं अॅपर्चर उघडलं की मागचं पुढचं सगळं ब्लर होतं तेच तत्त्व. त्यामुळे तेच अंतर, तेच अक्षर, पण डोळ्याला जास्त नेमकं राहावं लागतं. त्यात कुशीवर झोपून बघत असाल तर एक डोळा फोनच्या जवळ, एक लांब. समजा एक २० वर आणि दुसरा २४ वर, तर एकाला ५ डायॉप्टर हवेत आणि दुसऱ्याला ४.२ च्या आसपास. पण दोन्ही डोळ्यांना मेंदूकडून आज्ञा सारखीच जाते, प्रत्येकाला वेगळी नाही देता येत. मग एक डोळा साफ आणि दुसरा थोडा धूसर, आणि मेंदू सांभाळून घेत बसतो.

कुशीवर झोपण्यावरून एक किस्सा आठवला, फोकसशी त्याचा थेट संबंध नाही पण सांगतेच. २०१६ मध्ये लंडनच्या डॉक्टरांनी एका मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात दोन बायकांची केस लिहिली होती. एका डोळ्याने दिसणं मधूनमधून जातं अशी तक्रार, सगळ्या तपासण्या नॉर्मल. शेवटी कळलं की अंधारात कुशीवर झोपून फोन बघताना एक डोळा उशीत दाबलेला असायचा. तो अंधाराला सरावायचा आणि दुसरा स्क्रीनच्या उजेडाला, मग फोन बंद केला की उजेडाला सरावलेला डोळा आंधळा झाल्यासारखा वाटायचा. काही मिनिटांत ठीक. नुकसान काही नाही, घाबरगुंडी मात्र पक्की.

बरं, अभ्यास काय सांगतात? खरं सांगायचं तर एका सुरात काही सांगत नाहीत. धडधाकट तरुणांना तासभर फोनवर वाचायला देऊन आधी आणि नंतर मोजणी केली, अशा एका छोट्या प्रयोगात दोन्ही डोळ्यांनी मिळून फोकस बदलण्याचा वेग तासानंतर कमी झालेला दिसला आणि पापण्या अर्धवट मिटण्याचं प्रमाण वाढलं. काही प्रयोगांत डोळा जितकं हवं त्यापेक्षा थोडा कमी जोर लावतो, म्हणजे मागे रेंगाळतो असं दिसतं, काहींत तो फरक सापडत नाही. लोक मोजकेच, वेळ तास-अर्ध्या तासाचा, आणि बहुतेक मोजणी फोन खाली ठेवल्या ठेवल्या केलेली. त्यावरून "फोनने तरुणांचे डोळे कायमचे खराब होतात" अशी हेडलाइन काढणं हा निव्वळ आगाऊपणा आहे. पण "फोनने काहीच होत नाही" हेही त्यातून निघत नाही. जे निघतं ते एवढंच की ताकदीपेक्षा फोकस पटकन बदलण्याच्या लवचिकपणाला आधी झळ बसते, आणि ते तक्रारींशी जुळतं.

आता बहिणीच्या तपासणीकडे येते, कारण मला वाटतं ही माहिती जास्त लोकांकडे असायला हवी.

बाईंनी आधी एका पट्टीवरून अक्षरांचं कार्ड हळूहळू नाकाकडे सरकवत आणलं आणि अक्षर कधी धूसर होतं ते विचारलं. तिथून अंतर मोजलं की ताकद कळते. बहिणीची ताकद वयाच्या मानाने चोख. मग पेनासारखं काहीतरी जवळ आणून दोन कधी दिसतात ते बघितलं, म्हणजे डोळे आत वळण्याचं काम. तेही ठीक. मग त्यांनी एक दांडी काढली, दोन्ही टोकांना दोन-दोन भिंगं, एका बाजूला प्लस दोन आणि दुसऱ्या बाजूला मायनस दोन. याला फ्लिपर म्हणतात. ४० सेंटीमीटरवरचं बारीक अक्षर वाचायचं, साफ दिसलं की दांडी उलटायची, परत साफ झालं की परत उलटायची, असं मिनिटभर. मायनस आलं की डोळ्याला जोर लावावा लागतो, प्लस आलं की सोडावा लागतो. तरुण माणसाची एका डोळ्याने मिनिटाला ११ च्या आसपास आवर्तनं (एकदा प्लस आणि एकदा मायनस मिळून एक) व्हावीत अशी अपेक्षा असते, दोन्ही डोळ्यांनी मिळून ८ ते १०.

बहिणीचं मायनस पटकन साफ व्हायचं. प्लस लावलं की बसून राहायची. "ताई, दिसतच नाहीये गं," असं मला सांगत होती, जसं काही मी मदत करणार होते. म्हणजे जोर लावता येतो, सोडता येत नाही. आणि मशीनवर तीन ठिकाणी तीन नंबर का आले त्याचंही उत्तर तिथेच मिळालं. मशीनमध्ये चित्र लांबचं दाखवलेलं असलं तरी आपल्याला माहीत असतं की ते जवळच्या डब्यात आहे, त्यामुळे असा सवयीचा डोळा तिथेही आवळून बसतो आणि खोटा मायनस नंबर छापून येतो. डोळ्यात थेंब घालून तो स्नायू तात्पुरता सैल केला आणि मग मोजलं, तर नंबर शून्य. (थेंब घातले की पुढचे बरेच तास जवळचं वाचता येत नाही आणि उजेड सहन होत नाही, त्यामुळे परीक्षेच्या आदल्या दिवशी जाऊ नका.)

या खोट्या नंबराचा खरा धोका असा की त्यावर मायनस चष्मा बनवला तर सुरुवातीला लांबचं छान दिसतं. पण आता त्या चष्म्यातून फोन बघायला डोळ्याला आणखी जोर लावावा लागतो, म्हणजे ज्याला सोडायला शिकवायचं त्याला अजून आवळायला लावलं. म्हणून विशी-पंचविशीत अचानक मायनस नंबर निघाला आणि तो प्रत्येक वेळी वेगळा येतोय, तर चष्म्याची ऑर्डर द्यायच्या आधी थेंब घालून तपासायला सांगा.

उलटी केस पण असते. काही जणांना थोडा प्लस नंबर असतो आणि तो त्यांना माहीतच नसतो, कारण तरुण डोळा जोर लावून तो झाकून टाकतो. समजा लपलेला प्लस दोन आहे. मग ३३ सेंटीमीटरवरच्या फोनला ३ नाही तर ५ लागतात, आणि लांब बघतानाही २ चालूच, म्हणजे त्या स्नायूला सुट्टीच नाही. अशा माणसाला लांबचं सगळं स्पष्ट दिसतं, तक्ता शेवटपर्यंत वाचतो, फक्त वाचलं की डोकं दुखतं. त्याला "फोन कमी करा" सांगून काय होणार, त्याला चष्मा हवाय. दुसरीकडे ज्यांना मायनस तीन आहे ते चष्मा काढून ३३ वर फोन धरतात आणि काहीही जोर न लावता आरामात वाचतात, या बाबतीत तेवढं त्यांचं नशीब चांगलं. मात्र जास्त मायनसवाले चष्म्यावरून कॉन्टॅक्ट लेन्सवर गेले की जवळचं बघायला आधीपेक्षा थोडा जास्त जोर लागतो, त्यामुळे लेन्स घातल्यापासून फोन बघताना थकवा वाटत असेल तर तो भास नाही.

आणि सगळंच धूसर फोकसमुळे नसतं. स्क्रीन बघताना आपण पापण्या कमी आणि अर्धवट मिटतो, डोळ्यावरचा अश्रूंचा थर जागोजागी फाटतो आणि त्यानेही धूसर दिसतं, खुपतं, आग होते. फरक ओळखायला एक साधी युक्ती आहे. धूसर दिसलं की दोन-तीनदा नीट पापण्या मिटा. लगेच साफ झालं तर कोरडेपणा जास्त. पापण्यांनी फरक पडला नाही आणि लांब बघत राहिल्यावर हळूहळू साफ झालं तर फोकस. दोन्ही एकत्र पण असतं, आणि बऱ्याचदा असतंच.

निळ्या प्रकाशाच्या चष्म्याचं काय, हा प्रश्न येणारच. त्याचा या सगळ्याशी काही संबंध नाही. निळा असो की पिवळा, २० सेंटीमीटरवरच्या अक्षराला ५ डायॉप्टरच लागतात. २०२३ मध्ये कोक्रेन या वैद्यकीय संशोधनांचा आढावा घेणाऱ्या संस्थेने १७ चाचण्या एकत्र तपासून सांगितलं की असे चष्मे साध्या चष्म्यापेक्षा डोळ्यांचा थकवा कमी करतात असं दिसत नाही. निदान थोड्या काळापुरतं तरी नाही. ज्यांनी घेतलेत त्यांनी फेकायची गरज नाही, पण त्यावर विसंबून फोन नाकाला लावू नका.

२०-२०-२० चा नियम मला आवडतो, फक्त त्याला मंत्र करू नये. दर २० मिनिटांनी २० फुटांवर २० सेकंद. जेफ्री अॅन्शेल नावाच्या अमेरिकन ऑप्टोमेट्रिस्टने तो लोकप्रिय केला. २० फूट म्हणजे ६ मीटर, तिथे डोळ्याला ०.१७ डायॉप्टर लागतो, म्हणजे जवळपास पूर्ण सुटका, हा भाग पक्का आहे. २० मिनिटंच का आणि २० सेकंदच का, याला फार भक्कम आधार नाही, आणि माझ्या मते २० सेकंद कमीच आहेत. ज्याचा डोळा सुटायला वेळ घेतो त्याने घड्याळ न बघता लांबचं काहीतरी बारीक, म्हणजे झाडाची पानं, पाटीवरचं अक्षर, जे काही असेल ते पूर्ण साफ होईपर्यंत बघावं. शून्यात बघून उपयोग नाही, त्याला फोकस करायला काहीतरी हवं. अंधारात किंवा रिकाम्या भिंतीकडे बघताना डोळा पूर्ण सैल होत नाही, मीटरभरावरच कुठेतरी रेंगाळतो.

बहिणीला बाईंनी चष्मा दिला नाही, व्यायाम दिला. फ्लिपरचाच, घरी, रोज थोडा वेळ, आणि शिवाय एक कार्ड हातात आणि एक भिंतीवर, एकदा हे वाच एकदा ते. कंटाळवाणं काम आहे, पहिल्या आठवड्यात ती वैतागून फ्लिपर माझ्याकडे फेकायची. पण प्लसला बसून राहणं कमी झालं, आणि पाटी धूसर दिसते ही तक्रार हळूहळू बंद झाली. फोन तिने सोडलेला नाही, फॉन्ट वाढवलाय आणि झोपून बघणं कमी केलंय, तेही पूर्ण नाही. व्यायामाच्या बाबतीत एक सांगते, इंटरनेटवर "चष्मा घालवा" म्हणून जे डोळे गोल फिरवायचे व्हिडिओ असतात ते हे नाही. खरा नंबर व्यायामाने जात नाही. आणि घरच्या घरी पेन नाकाकडे आणण्याने सगळं होतं असंही नाही. डोळे आत वळण्याच्या त्रासावर २००८ मध्ये ९ ते १७ वयाच्या मुलांवर एक मोठी चाचणी झाली, त्यात क्लिनिकमध्ये देखरेखीखाली १२ आठवडे केलेले व्यायाम घरच्या पेन्सिलीपेक्षा बरेच सरस ठरले. म्हणजे आधी कोणाकडून तरी नेमकं काय अडलंय ते तपासून घ्या. जोर लावता येत नाही, सोडता येत नाही, की डोळे वळत नाहीत, तिन्हीचे उपाय वेगळे.

तपासायला जाताना चालू असलेली औषधं पण सांगा. सर्दी-अॅलर्जीच्या काही गोळ्या, डिप्रेशनवरची काही औषधं, यांनी फोकस करणारा स्नायू मंद पडू शकतो आणि दोष मात्र फोनच्या नावावर जातो.

फोनमुळे चाळिशीचा चष्मा लवकर लागेल का, असं बहिणीने विचारलं होतं. त्यावर बाई म्हणाल्या की चाळिशीचं कारण स्नायू नाही, भिंग आहे. वयाप्रमाणे भिंग कडक होत जातं, स्नायू आवळला तरी ते फुगत नाही, आणि हे फोन यायच्या आधीपासून सगळ्यांचं होत आलंय. फोन बघून भिंग लवकर कडक होतं असा पुरावा नाही.

मात्र ते तीन कामं एका आज्ञेवर चालतात म्हटलं होतं ना, तिथे एक गोष्ट गंभीरपणे घ्यायची आहे. जवळ फोकस केला की डोळे आत वळतात, २० सेंटीमीटरवर दोन्ही मिळून जवळजवळ १७ अंशांनी. कोरियातल्या डॉक्टरांनी २०१६ मध्ये १२ मुलांबद्दल लिहिलं होतं, वय ७ ते १६, रोज चार तासांहून जास्त फोन, तोही ३० सेंटीमीटरच्या आत, आणि महिनोन् महिने. त्यांचे डोळे आतच वळलेले राहायला लागले, म्हणजे तिरळेपणा आला. फोन बंद केल्यावर तो कमी झाला, तरी काहींना ऑपरेशन लागलं. बारा मुलं म्हणजे काही फार नाहीत आणि फोनच कारण होता हे त्यावरून सिद्ध होत नाही, पण तरुणांमध्येही अशा केसेस डॉक्टरांनी नोंदवल्या आहेत. त्यामुळे लांबच्या वस्तू दोन दिसायला लागल्या, एक डोळा आत गेल्यासारखा वाटला, तर व्यायाम-बियायाम न करता सरळ डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. आणि हे अचानक झालं असेल, सोबत पापणी खाली पडली असेल, दोन बाहुल्या लहान-मोठ्या दिसत असतील किंवा डोकं भयंकर दुखून उलट्या होत असतील तर त्याच दिवशी, रात्र असली तरी इमर्जन्सीला.